हॅरोत राहायला आलात? मेमधल्या मतदानाची तयारी अशी करा

दर काही महिन्यांनी कुणीतरी नवीन जोडपं घरी जेवायला येतं. पुण्याहून किंवा ठाण्याहून आलेलं, एकाची आयटीतली नोकरी, दुसऱ्याची शोधाशोध चालू. बोलता बोलता निवडणुकीचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं, "आमचा काय संबंध? आम्ही अजून व्हिसावर आहोत." संबंध आहे, हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी त्यांचा विश्वास बसत नाही. मग फोन काढा, सरकारी पान उघडून दाखवा, तोवर आमटी गार. म्हणून एकदाचं नीट लिहूनच ठेवतो.

उदाहरण लंडनमधल्या हॅरोचं घेतो, कारण मी इथे राहतो. ब्रेंट, हाउन्स्लो, ईलिंग, बार्नेट कुठेही असलात तरी पद्धत तीच. लंडनच्या ३२ बरोंची (बरो म्हणजे स्वतःचं काउन्सिल असलेला शहराचा भाग) निवडणूक दर चार वर्षांनी, मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी, एकाच दिवशी होते. २०२२ साली ती ५ मेला झाली, २०२६ साठी तारीख ७ मे. मधल्या काळात एखादी जागा रिकामी झाली तर तेवढ्याच वॉर्डात पोटनिवडणूक लागते.

तुम्हाला मत आहे का?

भारत राष्ट्रकुलात आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर परवान्यावर राहत असेल आणि त्याला १८ वर्षं पूर्ण झाली असतील, तर त्याला मतदानाचा हक्क आहे. स्टुडंट व्हिसा, स्किल्ड वर्कर व्हिसा, त्याच्यावर आलेला डिपेंडंट, सगळे यात आले. इथे किती वर्षं काढली याची अट नाही. शेजारचा अमेरिकन वीस वर्षं काउन्सिल टॅक्स भरूनही मत देऊ शकत नाही, तुम्ही मात्र मार्चमध्ये हीथ्रोवर उतरून मेमध्ये देऊ शकता. आणि हे फक्त काउन्सिलपुरतं नाही, पार्लमेंटच्या निवडणुकीतही तुम्हाला मत आहे.

साम्राज्याच्या काळात सगळेच 'ब्रिटिश प्रजा' होते, त्या व्यवस्थेची ही शिल्लक आहे. ती कायद्यात टिकून राहिली आणि आज आपल्या उपयोगी पडते. दादाभाई नौरोजी १८९२ साली फिन्सबरी सेंट्रलमधून पार्लमेंटमध्ये निवडून आले ते याच व्यवस्थेत, आणि तेही हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी. व्ही. के. कृष्ण मेनन तर चक्क काउन्सिलर होते. १९३४ ते १९४७ अशी तेरा वर्षं ते सेंट पँक्रस बरोच्या सभागृहात बसत आणि तिथल्या ग्रंथालयांसाठी त्यांनी केलेलं काम आजही आठवलं जातं. पुढे १९५७ साली तेच मेनन उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेले. म्हणजे कचरापेट्या आणि वाचनालयांच्या राजकारणाला कमी लेखायचं कारण नाही.

दोन शंका नेहमी येतात. इथे मत दिल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही, ते दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यावर जातं. आणि मतदान केल्याने व्हिसाच्या पुढच्या अर्जावर काही बट्टा लागत नाही. तिसरी शंका आई-बाबांची: ते सहा महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर नातवंडांना सांभाळायला आले असतील तर ते इथले रहिवासी धरले जात नाहीत. त्यांचं नाव घालू नका.

काउन्सिल नेमकं काय बघते

मुंबईच्या माणसाला काउन्सिल म्हणजे महापालिका असं सांगितलं की पटकन कळतं, पण दोन ठिकाणी गल्लत होते.

पहिली गल्लत कामांची. हॅरो काउन्सिलकडे कचरा, गल्लीतले रस्ते, पार्किंगचे परवाने, वाचनालयं, बागा, सरकारी घरं, शाळाप्रवेशाची प्रक्रिया, म्हाताऱ्या आणि अपंग माणसांची देखभाल, संकटातल्या मुलांचं संरक्षण आणि बांधकाम परवानग्या आहेत. बजेटचा मोठा लचका जातो तो देखभालीवर. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण कचऱ्यावरच बोलत बसतो. बस आणि ट्यूब लंडनच्या महापौरांकडे, पोलीसही त्यांच्याच देखरेखीखाली, जीपी (म्हणजे फॅमिली डॉक्टर) आणि हॉस्पिटलं एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेकडे. तेव्हा प्रचाराला आलेला उमेदवार तुम्हाला जीपीची अपॉइंटमेंट लवकर मिळवून देईन म्हणाला, तर त्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

बांधकाम परवानगीला किती धार असते याचं आपल्या घरचंच उदाहरण आहे. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये कॅमडन बरोतल्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. पण राहत्या घराचं संग्रहालय करायला काउन्सिलची परवानगी लागते, आणि कॅमडनने ती २०१८ साली नाकारली. प्रकरण सुनावणीला गेलं आणि अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांच्या पातळीवर मंजुरी मिळाली. एका राज्य सरकारलाही काउन्सिलच्या नियोजन विभागापुढे उभं राहावं लागलं. तुमच्या शेजाऱ्याच्या वाढीव किचनचं काय होणार ते यावरून ओळखा.

दुसरी गल्लत सत्तेची. आपल्याकडे महापौर मानाचा आणि खरी किल्ली आयुक्तांकडे. हॅरोतही महापौर मानाचाच, गळ्यात साखळी घालून उद्‌घाटनं करणारा. पण किल्ली 'लीडर'कडे असते, आणि लीडर हा निवडून आलेला राजकारणी असतो. नगरसेवक आपल्यातून त्याला निवडतात. म्हणजे बहुमत कुणाचं, याला इथे खरंच अर्थ आहे. २०२२ मध्ये हॅरोच्या ५५ जागांपैकी ३१ कॉन्झर्व्हेटिव्हांनी आणि २४ लेबरने जिंकल्या आणि काउन्सिलची सत्ता बदलली. (न्यूहॅम, टॉवर हॅम्लेट्स, हॅकनी, लुइशम आणि क्रॉयडन या पाच बरोंत मात्र महापौर थेट लोकांमधून निवडला जातो आणि कारभारही तोच करतो. तिथे राहत असाल तर तुम्हाला एक जादा मतपत्रिका मिळेल.)

आकाराचाही अंदाज घ्या. हॅरोची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत सुमारे २ लाख ६१ हजार होती, म्हणजे एका काउन्सिलरमागे पाच हजारांहून कमी माणसं. मुंबईत २०११च्या जनगणनेनुसार एका नगरसेवकामागे पंचावन्न हजारांच्या आसपास येतात. शिवाय लंडनच्या बरो निवडणुकीत साधारण तिघांतला एकच मतदार मतदान करतो. पन्नास-शंभर मतांनी लागलेले निकाल दर वेळी दिसतात.

लंडनबाहेर राहत असाल तर 'बरो' हा शब्द जरा फसवतो. वॉटफर्डला कचरा बरो काउन्सिल उचलते, पण शाळा आणि रस्ते हार्टफर्डशर काउंटी काउन्सिलकडे. काही गावांत दर चार वर्षांनी सगळी निवडणूक न होता एक तृतीयांश जागांसाठी जवळपास दर वर्षी होते. तेव्हा तारीख आपल्या काउन्सिलच्या संकेतस्थळावरच बघा.

नाव नोंदवणं

भारतातल्यासारखं बीएलओ घरी येण्याची वाट बघू नका. 'गव्ह डॉट यूके' या सरकारी संकेतस्थळावर 'रजिस्टर टू व्होट' शोधा. चहा गाळून होईपर्यंत अर्ज भरून होतो. नाव, जन्मतारीख, पत्ता, नागरिकत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर एवढंच लागतं. नंबर अजून आला नसेल तरी अर्ज करता येतो. कारण लिहा, काउन्सिलचं निवडणूक कार्यालय दुसरी कागदपत्रं मागवेल. घरातल्या प्रत्येकाने आपापला अर्ज करायचा असतो. कुटुंबप्रमुखाने सगळ्यांचा भरायचा जमाना इथे संपला.

मुदत मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवस आधी संपते. शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे मोजायचे नाहीत, आणि मेच्या पहिल्या सोमवारी नेमकी सुट्टी असते. ७ मे २०२६ साठी हा हिशेब २० एप्रिलवर येतो. माझा सल्ला: मुदतीचं नावच काढू नका. भाडेकरार सही झाला की त्याच आठवड्यात नोंदवा.

अर्जात एक प्रश्न असतो, तुमचं नाव 'ओपन रजिस्टर'वर ठेवायचं का. ही यादी कुणीही विकत घेऊ शकतं. नको म्हणून खूण करा, मतदानाच्या हक्काला त्याने काही होत नाही. मुख्य यादीचा मात्र एक फायदा आहे जो निवडणुकीत रस नसलेल्यांनाही पटतो: क्रेडिट स्कोअर काढणाऱ्या कंपन्या पत्ता पडताळायला ती यादी बघतात. नवीन आलेल्या माणसाला इथे मोबाइलचं कॉन्ट्रॅक्ट मिळताना नाकी नऊ येतात, त्यात यादीतलं नाव थोडा हात देतं. खरं सांगायचं तर माझ्या ओळखीतले निम्मे लोक लोकशाहीपेक्षा यासाठीच नोंदवतात. हरकत नाही, नाव यादीत आलं म्हणजे झालं.

घर बदललं की पुन्हा नोंदणी करावी लागते. काउन्सिल टॅक्सचा पत्ता बदलला म्हणजे मतदार यादीतला आपोआप बदलतो, हा गैरसमज आहे. आणि विद्यार्थ्यांसाठी एक गंमत: आईवडील हॅरोत आणि युनिव्हर्सिटी लेस्टरला, अशी स्थिती असेल तर दोन्ही पत्त्यांवर नोंदणी करता येते, आणि दोन वेगवेगळ्या काउन्सिलांच्या निवडणुकीत दोन्हीकडे मत देता येतं. पार्लमेंटसाठी मात्र एकच.

ओळखपत्र: इथेच आपली माणसं अडकतात

इंग्लंडमध्ये मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांपासून मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं आहे. त्याआधी नुसतं नाव-पत्ता सांगून मत देता येत असे, आणि जुने लोक अजून तेच सांगतात. त्यांचं ऐकू नका.

चांगली बातमी अशी की भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुलातल्या देशांचे पासपोर्ट यादीत आहेत. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, शिकाऊसुद्धा. साठीच्या पुढच्यांचा सवलतीचा बसपास चालतो, ब्लू बॅज (अपंगांचा पार्किंग परवाना) चालतो. मुदत संपलेलं ओळखपत्रही चालतं, फक्त फोटोत तुम्ही तुमच्यासारखे दिसायला हवेत. बीआरपी, म्हणजे ई-व्हिसाच्या आधी मिळायचं ते व्हिसाचं कार्ड, जपून ठेवलं असेल तर तेही चालतं.

न चालणारी यादी जास्त महत्त्वाची. आधार नाही, पॅन नाही, भारतातलं मतदार ओळखपत्र नाही, भारतीय लायसन्स नाही, कंपनीचं किंवा कॉलेजचं कार्ड नाही. तरुणांचं ऑयस्टर कार्ड नाही. मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो नाही. ई-व्हिसाचा स्क्रीनशॉटही नाही. कार्ड किंवा पुस्तक हातात असलं पाहिजे.

आता नावाचं बघू. आपल्या पासपोर्टांत नावाच्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात, आणि आडनाव वेगळं. 'स्नेहा राहुल' एका रकान्यात, 'कुलकर्णी' दुसऱ्यात. पेरोलवर नुसती स्नेहा कुलकर्णी, बँकेत एस. आर. कुलकर्णी, आणि लग्न होऊनही पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर स्नेहा जोशी. मतदार यादीतलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळावं लागतं. थोडा फरक कर्मचारी चालवून घेतात, आडनावच वेगळं असेल तर प्रश्न विचारतात. म्हणून नोंदणी करताना पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यात आहे तसंच नाव लिहा. आडनाव जुळत नसेलच तर लग्नाचा दाखला सोबत न्या. पत्ता मात्र ओळखपत्रावर नसला तरी चालतो, तो कुणी तपासत नाही.

आणखी एक अडचण खास आपली: पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला असतो आणि मतदान तोंडावर येतं. तसं होणार असेल तर 'व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट' काढून ठेवा. ते फुकट मिळतं आणि त्याच सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. त्याची मुदत मतदानाच्या सहा कामकाजाच्या दिवस आधी संध्याकाळी ५ ला संपते.

उमेदवार कोण, हे कळणार कसं

रिक्षावर भोंगा नाही, चौकात सभा नाही, फ्लेक्स तर नाहीच. नवीन आलेल्याला निवडणूक चालू आहे हेही कळत नाही. प्रचार दारातून आत पडतो, पत्रकांच्या रूपात. पिझ्झाच्या जाहिरातीबरोबर ती कचऱ्यात जातात. आठवडाभर एका खोक्यात साठवून रविवारी एकदम वाचा. पत्रकांवरचे बार चार्ट बघताना खालची बारीक अक्षरं वाचा. आकडे भलत्याच निवडणुकीचे असतात, आणि ४०च्या शेजारी ३८चा खांब निम्म्या उंचीचा काढण्याची कला सगळ्याच पक्षांना येते. 'इथे फक्त आमचाच पक्ष जिंकू शकतो' हे वाक्य मी एकाच वॉर्डात तीन पक्षांच्या पत्रकांवर वाचलं आहे.

शनिवारी सकाळी कुणी छातीला रंगीत फीत लावून दार वाजवेल. तो तुमचं मत बदलायला आलेला नसतो, तुम्ही कुणाचे ते वहीत टिपायला आलेला असतो. सांगायचं बंधन नाही. मी मात्र त्यांना आत येऊ न देता दारातच गाठतो आणि आमच्या गल्लीतल्या फुटलेल्या फुटपाथबद्दल विचारतो. ज्याला गल्लीचं नाव माहीत असतं, त्याला माझ्या लेखी दोन गुण जास्त.

उमेदवारांची अधिकृत यादी अर्जांची मुदत संपली की काउन्सिलच्या संकेतस्थळावर लागते. 'हू कॅन आय व्होट फॉर' या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की तुमच्या वॉर्डातले सगळे उमेदवार एकत्र दिसतात. जे सध्या काउन्सिलर आहेत, त्यांची सभांमधली हजेरी काउन्सिलच्या पानावर बघता येते. पत्रकापेक्षा ती जास्त बोलते.

मतपत्रिका

हा भाग दोनदा वाचा.

इथे ईव्हीएम नाही. कागद, पेन्सिल आणि पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पेटी. हॅरोत २२ वॉर्ड आहेत, निम्म्यांत तीन काउन्सिलर निवडायचे, निम्म्यांत दोन. मतपत्रिकेवर आडनावाच्या अक्षरक्रमाने सगळे उमेदवार असतात, समोर पक्षाचं नाव आणि चिन्ह. तीन जागा असतील तर तुम्हाला तीन मतं, दोन असतील तर दोन. किती ते मतपत्रिकेच्या वर लिहिलेलं असतं.

पुण्याहून आलेल्याला वाटेल, हे तर आमच्या चार नगरसेवकांच्या प्रभागासारखंच. तसं नाही. तिकडे अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा, प्रत्येक जागेची वेगळी लढत आणि प्रत्येकीत तुमचं एक मत. इथे एकच सामाईक यादी. समजा तीन मोठ्या पक्षांचे तीन-तीन, दोन ग्रीन आणि एक अपक्ष असे बारा उमेदवार आहेत. त्यातल्या कुठल्याही तिघांसमोर तुम्ही फुली मारू शकता: तिघे एकाच पक्षाचे, किंवा तीन वेगळ्या पक्षांचे. ज्या तिघांना सर्वांत जास्त मतं, ते निवडून आले.

तीन मतं वापरलीच पाहिजेत असं नाही. एखादा उमेदवार तुम्हाला मनापासून हवा असेल आणि बाकीच्यांबद्दल मत नसेल, तर एकच फुली मारून कागद घडी करा. उरलेली दोन मतं तुम्ही कुणाला दिली तर ती तुमच्या आवडत्यालाच मागे टाकायला कामी येऊ शकतात, हे लक्षात ठेवा. उलट, एकाच माणसासमोर तीन फुल्या मारून तीन मतं होत नाहीत. आणि तीनऐवजी चौघांसमोर फुली मारली तर अख्खी मतपत्रिका बाद.

फुली म्हणजे फुली. आपल्याला शाळेपासून बरोबरची खूण चांगली आणि फुली वाईट असं शिकवलेलं, त्यामुळे हात अडखळतो. नको असलेल्यांवर फुल्या मारून आलेले एक काका माझ्या माहितीत आहेत. घरी जेवताना त्यांच्या लक्षात आलं. फुली ज्याला मत द्यायचं त्याच्या समोर. चूक झाली आणि कागद अजून पेटीत टाकला नसेल, तर कर्मचाऱ्याकडे परत द्या, नवीन मिळतो. नाव, सही किंवा तुमची ओळख पटेल असं काही लिहू नका. नोटाचा पर्याय छापलेला नसतो.

प्रत्यक्ष दिवस

गुरुवार असतो आणि सुट्टी नसते. केंद्रं सकाळी ७ ते रात्री १० उघडी असतात, त्यामुळे ऑफिसातून येऊनही जमतं. रात्री १० वाजता रांगेत असाल तर मत देऊ देतात.

केंद्र कुठलं ते पोलिंग कार्डावर असतं. हे कार्ड पोस्टाने येतं. ते हरवलं तरी बिघडत नाही, पण ओळखपत्र हवंच. तुम्हाला नेमून दिलेल्या केंद्रावरच जावं लागतं, घराजवळ दुसरं दिसलं तरी. केंद्र शाळेत असेल, चर्चच्या हॉलमध्ये असेल, वाचनालयात असेल. दाराबाहेर कुत्री बांधलेली दिसली तर गोंधळू नका, मतदानाला कुत्रं घेऊन जाणं हा इथला लाडका रिवाज आहे.

दारात फीत लावलेली माणसं तुमचा मतदार क्रमांक विचारतील. ते पक्षांचे कार्यकर्ते, सरकारी कर्मचारी नव्हेत. कोण येऊन गेलं याची नोंद ठेवून न आलेल्यांना संध्याकाळी फोन करायचा, एवढाच त्यांचा उद्योग. हसून पुढे गेलात तरी चालतं.

आत नाव सांगा, ओळखपत्र दाखवा, मतपत्रिका घ्या, लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या आडोशामागे जा. तिथे दोरीला बांधलेली पेन्सिल असते. पुसली जाईल अशी भीती वाटत असेल तर खुशाल स्वतःचं पेन वापरा. नवरा-बायकोने एका आडोशामागे जायचं नाही. २०२३ मध्ये यासाठी वेगळा कायदाच झाला आहे: मतदाराच्या मतावर प्रभाव टाकायला सोबत जाणं हा गुन्हा आहे. लहान मुलांना नेलं तर चालतं. बोटाला शाई लावत नाहीत, त्यामुळे शाईच्या सेल्फीची हौस असेल तर बाहेरच्या फलकाशेजारी उभं राहून भागवा. आत फोटो काढू नका.

त्या दिवशी इथे नसाल तर

मे म्हणजे लग्नसराई. भारतात जाणार असाल तर दोन वाटा आहेत. पोस्टल मतासाठी अर्जाची मुदत ११ कामकाजाच्या दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत. पण मतपत्रिका मतदानाच्या थोडेच दिवस आधी येते, आणि ती सांगलीला मागवून वेळेत परत पाठवणं हा जुगार आहे. त्यापेक्षा प्रॉक्सी बरी: इथल्या एखाद्या विश्वासातल्या मतदाराला तुमच्या वतीने मत द्यायला नेमा. त्याची मुदत सहा कामकाजाच्या दिवस आधी. तो तुमच्या केंद्रावर स्वतःचं ओळखपत्र घेऊन जाईल.

इथेच असून पोस्टाने मत देणार असाल तर सोबतच्या पानावर सही आणि जन्मतारीख लिहायची असते. घाईत लोक तिथे जन्मतारखेऐवजी आजची तारीख लिहितात आणि मत बाद होतं. सही अर्जावर केली होती तशीच करा. मराठीत केली असेल तर मराठीतच. लिफाफा पोस्टाच्या लाल डब्यात टाका, किंवा उशीर झाला असेल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर स्वतः नेऊन द्या आणि तिथला फॉर्म भरा. काउन्सिलच्या कार्यालयाच्या दारातून आत ढकलून येऊ नका, तो धरत नाहीत.

स्वतःच उभं राहायचं असेल तर

गंमत म्हणून विचारणारे बरेच असतात, म्हणून थोडक्यात. उभं राहायला ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही, पण मत देण्यापेक्षा अट कडक आहे: राष्ट्रकुलातल्या नागरिकाला कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे आयएलआर, हवा. वय १८, आणि त्या बरोचा मतदार असणं किंवा वर्षभर तिथे राहिलेलं वा काम केलेलं असणं. अर्जावर त्याच वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या लागतात. डिपॉझिट नाही, त्यामुळे जप्त व्हायचीही भीती नाही. पगार नसतो, भत्ता मिळतो.

निकालानंतर

मोजणी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी होते, हाताने. अगदी समान मतं पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लावतात. नॉर्थम्बरलंडमध्ये २०१७ साली साउथ ब्लाइथ वॉर्डात असंच काड्या ओढून ठरलं, आणि त्या एका काडीने एका पक्षाचं बहुमत हुकलं.

तुमच्या वॉर्डाचे दोन किंवा तीन काउन्सिलर आता तुमचे आहेत, तुम्ही कुणालाही मत दिलं असलं तरी. त्यांचे ईमेल काउन्सिलच्या संकेतस्थळावर असतात. बरेच जण महिन्यातून एखाद्या शनिवारी वाचनालयात किंवा हॉलमध्ये भेटतात. त्या बैठकीला इथे 'सर्जरी' म्हणतात, घाबरू नका. पण आधी तक्रार काउन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदवा, कारण पहिल्याच भेटीत विचारतात, "नोंदवली का?" मग तक्रारीचा क्रमांक, एक फोटो आणि गल्लीचं नाव घेऊन जा. तिघेही वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर तिघांनाही एकाच ईमेलमध्ये घाला. उत्तर लवकर येतं.